चारही बाजूंनी शिवलेला खिसा

माय,

तू, मी आणि मोंढ्यात पोती शिवत ओळीनं तुझ्या शेजारी बसणाऱ्या सगळ्या बायका, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. आपण पोरींसाठी घर झाडून स्वच्छ केलं. देव गेले, नवस गेले, उपास गेले, अंगात येणं गेलं. आणि आता पोरींच्या पोरी दारात उभ्या राहून विचारतात, आपल्याकडे काहीच कसं नाही? हा प्रश्न मला सभेत कुणी विचारला असता तर मी तासभर उत्तर दिलं असतं आणि विचारणारा खाली बसला असता. तो माझ्या नातीनं विचारला, स्वयंपाकघरात, मुठीत पडलेला दात धरून. त्यावर मी जे बोलले ते मला जेवू देत नाही.

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला पटत नाही, हे तुला सांगायला नको. माणूस गेलं की गेलं, हे मी तुझ्याकडूनच शिकले. तरी आज दुपारी मी टेबलाशी बसले आहे आणि समोर तळहाताएवढी एक पांढरी उशी आहे. तिच्यावर गुलाबी दोऱ्याची वेडीवाकडी टीप आहे. ती मी घातली. हो, मीच. तू असतीस तर आधी माझ्या हातातली सुई हिसकावली असतीस. नात शाळेतून यायला अजून वेळ आहे. ती आली की तिच्याशी एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे, आणि गावोगाव माईक हातात घेऊन फिरलेल्या या बाईला सात वर्षांच्या पोरीशी काय बोलावं ते सुचत नाही.

ही उशी कशाची ते आधी सांगते, कारण तुझ्या काळात असलं काही नव्हतं. एक परी असते म्हणे. टूथ फेअरी. पोराचा दुधाचा दात पडला की तो उशीखाली ठेवायचा. पोर झोपलं की परी येते, दात घेऊन जाते आणि बदल्यात काहीतरी ठेवून जाते. आता हे आलं कुठून म्हणशील, तर शाळेच्या पुस्तकातून, मोबाइलमधून, वर्गातल्या पोरींच्या वाढदिवसातून. आता त्याच्यासाठी वेगळी छोटी उशीही निघाली आहे. तिच्यावर एक खिसा असतो, दात त्या खिशात ठेवायचा, म्हणजे परीला पोराच्या डोक्याखाली हात घालून चाचपडत बसायला नको. नातीच्या मैत्रिणीकडे तशी उशी आहे. दात पडला तेव्हा नात पेरू खात होती. रडली नाही. तोंड धुतलं, दात धुतला आणि ओल्या मुठीनिशी थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आज्जी, टूथ फेअरी आपल्या कॉलनीत येते का?"

"परी नसते," मी म्हणाले.

"गंगापूरची आजी म्हणते दात पत्र्यावर फेकायचा. मग उंदीर आपला दात घेतो आणि त्याचा देतो." गंगापूर तिच्या आईचं माहेर.

"उंदराचा दात तुझ्या तोंडात काय कामाचा? तू काय पोती कुरतडणार आहेस?" मी म्हणाले, आणि तिला हसू आलं. मग मी कपाटातून शरीराच्या माहितीचं जाड पुस्तक काढलं, जबड्याचं चित्र दाखवलं, खालून नवा दात आधीच कसा तयार असतो ते समजावलं. तिनं मन लावून ऐकलं. तुझी पणती आहे, अर्धवट काही ऐकत नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं मूठ उघडली, दाताकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आपल्याकडे काय असतं?"

"आपल्याकडे असलं काही नसतं."

हे मी अभिमानानं म्हणाले, माय. मान वर करून. हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलेलं आहे आणि दरवेळी टाळ्या पडल्या आहेत. या वेळी नुसतं "बरं" आलं, आणि पोर खेळायला गेली. गोळ्यांच्या एका रिकाम्या डबीत तिनं तो दात ठेवून दिला.

दोन-तीन दिवसांनी वर्गात त्यांच्या बाईंनी सगळ्या मुलांना गोल बसवून विचारलं, तुमच्या घरी पडलेल्या दाताचं काय करतात. कुणी परी सांगितली, कुणी उंदीर सांगितला, कुणी म्हणालं तुळशीत पुरतो, कुणी म्हणालं सूर्याकडे फेकतो. आपल्या पोरीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे काही नसतं." बाई म्हणाल्या, ठीक आहे, पुढे कोण? कुणी हसलं नाही, कुणी चिडवलं नाही. शेजारच्या मुलीनं एवढंच विचारलं, "तुमच्याकडे काहीच नसतं? का?" आणि नात म्हणाली, "माहीत नाही."

हे सगळं तिनं मला जेवताना सांगितलं, वरणात भात कालवत, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही असं सांगावं तसं. तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. त्याचाच मला धसका बसला. ज्या वस्तीत तू मला वाढवलंस तिथं बाहेरून येणारा प्रत्येक माणूस आपल्याला हेच सांगायचा, तुमच्याकडे काय आहे? देव नाही, सण नाही, रीत नाही, काय आहे तुमच्याकडे? मी त्या माणसांशी भांडत म्हातारी झाले. आमच्याकडे इतिहास आहे, आमच्याकडे लेणी कोरणारे हात आहेत, आमच्याकडे प्रश्न विचारायची हिंमत आहे, असं घसा फाटेपर्यंत सांगितलं. आणि आता तेच वाक्य माझ्या घरातून, माझ्याच नातीच्या तोंडून शाळेत गेलं. कुणी लादलं नाही तिच्यावर. मीच घास भरवावा तसं भरवलं.

त्या दिवशी मला माझा पहिला पडलेला दात आठवला. शेजारची मावशी शेणाचा गोळा घेऊन आली होती. त्यात दात घालून पत्र्यावर फेकायचा, उंदीरमामाला हाक मारायची, अशी तेव्हा घरोघर रीत होती. मी दात हातात घेऊन तयार होते. तू कामावरून नुकतीच आली होतीस, पदरानं तोंड पुसत होतीस. मावशीच्या हातातलं शेण पाहून तू तिथंच थांबलीस.

"ते शेण आधी बाहेर टाक," तू म्हणालीस.

"अगं लेकराचा दात हाय. रीत हाय."

"रीत तुझ्या घरी कर. दुसऱ्याचं शेण काढण्यात माझ्या सासूचा जल्म गेला. माझ्या पोरीनं शेणाला हात लावायचा नाय. दात पडला तर पडला, दुसरा येतो."

मावशी पुटपुटत गेली. तू दात माझ्या हातातून घेतलास आणि केरात टाकलास. तू बरोबर होतीस. मी आजही व्यासपीठावर हा प्रसंग सांगते आणि बायका मान डोलावतात. पण एक गोष्ट मी तिथं सांगत नाही. तू चूल पेटवायला बसलीस तेव्हा मी केराच्या ढिगाशी जाऊन काडीनं तो दात शोधत होते. सापडला नाही. मला शेण नको होतं, उंदीरही नको होता. माझ्या अंगातून काहीतरी सुटून पडलं होतं आणि त्याची कुणीतरी दखल घ्यावी, एवढंच बहुतेक हवं होतं. तेव्हा हे मला असं सांगता आलं नसतं.

म्हणून मी ठरवलं, उशी शिवायची. परीचं नंतर बघू, आधी उशी. गुलमंडीत गेले. सुई-दोऱ्याच्या दुकानातले चाचा मला ओळखतात. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी कितीदा तरी बोलले आहे. "आज इधर कैसे, मॅडम? माईक नई आया साथ में?" म्हणाले. मी सुई मागितली. त्यांनी विचारलं, कुठल्या नंबरची. मला माहीत नव्हतं. कापूस मागितला, पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा मागितला. "बनाना क्या है?" मी तळहात दाखवून म्हणाले, एवढी उशी, दातासाठी. ते माझ्या गालाकडे पाहायला लागले. "दाढ दुखती क्या?" मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले, "दात का तकिया! ये क्या नया निकाला, बाई? हमारे दात तो ऐसेच गिर गये, किसी ने पूछा बी नई." आणि तोंड उघडून बोळकं दाखवत इतके हसले की मागची गिऱ्हाईकंही हसायला लागली.

घरी सुनेनं कापड पाहिलं. तू तिला पाहिलं नाहीस. गंगापूरच्या एका पुजाऱ्यांच्या घरातली पोर, माझ्या लेकाशी लग्न केलं म्हणून माहेरच्यांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं. शांत आहे, पण वाकत नाही. म्हणाली, "आई, पांढरं आणलंत? लहान मुलीच्या उशीला पांढरं कसंतरीच वाटतं."

"तुझ्या माहेरी वाटत असेल. आमच्यात पांढरं नेसून बायका विहारात जातात."

मी हे जरा जास्तच जोरात बोलले. घरातही मला सभेइतका आवाज लागतो, अशी माझ्या लेकाची तक्रार आहे. सून आत निघून गेली. मला वाटलं, दुखावली. थोड्या वेळानं ती तिच्या मशीनच्या डब्यातलं गुलाबी दोऱ्याचं रीळ घेऊन आली. "तिला गुलाबी हवी होती. निदान दोरा तरी गुलाबी घ्या. आणि मशीनवर मी दोन मिनिटांत मारून देते, कशाला बोटं टोचून घेता?" मी नको म्हणाले. का नको म्हणाले, ते तिला सांगता आलं नाही.

तुला माहीत आहे का नको म्हणाले. मोंढ्यातल्या गोदामाच्या ओसरीवर तुम्ही सगळ्या ओळीनं बसायच्या. समोर फाटक्या पोत्यांचा ढीग, हातात दाभण, बोटाला गुंडाळलेली चिंधी, आणि तागाचं तूस सगळीकडे, केसांत, भुवयांत, भाकरीत. पोत्याचं भोक बघायचं, त्याच्यावर जुन्या पोत्याचा चौकोनी तुकडा ठेवायचा आणि सुतळीनं शिवायचा. मी शाळेतून तिथं यायची आणि तुझ्या पाठीला पाठ लावून पाढे म्हणायची. एकदा तू पाणी प्यायला उठलीस आणि मी तुझं दाभण उचललं. मला वाटलं, तू येईपर्यंत एक ठिगळ लावून ठेवावं, तुझं तेवढंच काम हलकं. अर्धं लावलंही होतं. तू आलीस, दाभण ओढून घेतलंस आणि माझ्या बोटांवर चापट मारलीस. मी रडत म्हणाले, "मी चांगलं लावत होते."

"चांगलं लावतीस म्हणूनच मारलं. वाईट लावलं असतंस तर हसले असते."

मुनीम बाजूला उभा होता. तो म्हणाला, "शिकू द्या की मावशी. लहानपणी हात बसला की बसला. उद्या कामाला येईल."

"मग तुमची पोरगी आणून बसवा की इथं, मुनीमजी. तिचाबी हात बसंल."

सगळी ओळ हसली. मुनीम तोंडातलं पान थुंकायच्या निमित्तानं निघून गेला. तू मला पुस्तक उघडायला लावलंस आणि पुन्हा कधीही सुई, दाभण, कात्री माझ्या हाताला लागू दिली नाहीस. घरची सुईसुद्धा तू उंच फळीवर ठेवायचीस. तुझा जावई होता तोवर माझ्या ब्लाउजची हुकंही तोच लावायचा आणि मित्रांना सांगायचा, बायको जगाला शिवते, तिला शिवायला मी. तो गेल्यापासून मी पिना लावते. तर माय, मशीन नको म्हणाले ते त्या चापटीपायी. बघायचं होतं, बसतो का हात.

नाही बसला. सुईत दोरा ओवतानाच घाम फुटला. दोन चौकोन कापले, ते सारखे झाले नाहीत. एका चौकोनावर खिशासाठी छोटा तुकडा ठेवला आणि हातानं शिवायला घेतला. पुस्तक वाचताना मान अवघडते ते मला माहीत होतं, पण इथं मान, खांदे, जीभ, सगळंच अवघडलं. जीभ का, तर मी ती दातात धरून बसले होते, शाळेतल्या पोरीसारखी. नात शेजारी बसून पाहत होती. टाका तिरका गेला की म्हणायची, "आज्जी, असू दे, परीला चालतं." छोटा तुकडा लावून झाला. मग दोन्ही चौकोन उलटे जोडले, एक बाजू थोडी उघडी ठेवून उशी सुलटी केली, कापूस भरला आणि तोंड शिवून टाकलं. काल संध्याकाळी उशी पूर्ण झाली. सून भाजी निवडायची सोडून आली. मी उशी दोन्ही हातांनी उचलून नातीला दिली. सत्काराची शाल देतात ना, तशी.

नातीनं डबी उघडली, दात काढला आणि उशीवर धरला. मग उशी फिरवली. पुन्हा फिरवली. उलटी करून पाहिली.

"आज्जी, दात कुठून घालायचा?"

मी खिसा चारही बाजूंनी शिवला होता, माय. वरची बाजू, खालची बाजू, दोन्ही कडा. बारीक टाक्यांनी, कुठं बोट शिरणार नाही असा. सून आधी ओठ चावत होती, मग तिला आवरेना. ती भिंतीला टेकून हसत राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. नात एकटी गंभीर होती. "हसू नका. आता टूथ फेअरीला पण नाही सापडणार." त्यावर आम्ही दोघी पुन्हा हसलो.

आणि हसता हसता मी थांबले. मला कळलं की मी चुकले नव्हते. माझ्या हातानं त्याला जे माहीत होतं तेच केलं होतं. मोठ्या कापडावर छोटा चौकोनी तुकडा ठेवून शिवायचा म्हणजे काय, तर ठिगळ. आपल्या घरात दुसरं काही नव्हतंच. तुझी पोती, माझं पोलकं, आपली वाकळ, सगळीकडे चौकोनी तुकडे, सगळे चारही बाजूंनी शिवलेले, कारण एक बाजू उघडी राहिली तर ते ठिगळ कसलं? खिसा मी कॉलेजात जाईपर्यंत जवळून पाहिला नव्हता. खिशात ठेवायला काहीतरी असावं लागतं. तू माझ्या हातातून दाभण काढून घेतलंस खरं, पण माझे डोळे शिकून बसले होते. इतकी पुस्तकं वाचली, इतकी माणसं पाहिली, आणि सुई हातात येताच मी पोरीच्या हौसेच्या वस्तूवर ठिगळ लावून दिलं.

हे मी नातीला सांगायला गेले आणि तिथंच पाय घसरला. तिला म्हणाले, "अगं, माझी माय पोती शिवायची. तिला मी ठिगळंच लावताना पाहिलं. म्हणून तसं झालं." तिनं विचारलं, पोती म्हणजे किती मोठी? मी हात पसरून दाखवले. एकटी शिवायची? हो, दिवसभर. हाताला लागायचं नाही? लागायचं. मग तिला तुझ्यात इतकी गोडी वाटायला लागली की दात बाजूला पडला. मी बोलत गेले. तुझं दाभण, तुझ्या भुवयांतलं तूस, तुझं मुनीमजीला दिलेलं उत्तर. ते उत्तर तिनं मला दोनदा म्हणायला लावलं. इतकं मन लावून माझं भाषण आजवर कुणी ऐकलेलं नाही. मग तिनं विचारलं,

"ती आता कुठं आहे?"

"गेली. तुझा बाबा लहान होता तेव्हाच."

ती थोडा वेळ उशी चाचपत बसली. "आज्जी, मैत्रिणीकडे परी येते. गंगापूरला उंदीर येतो. आपल्याकडे तुझी माय येते का? दात घ्यायला?"

मला तेव्हा काय म्हणायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. ते वाक्य मला झोपेतही म्हणता येतं. तिचा चेहरा माझ्याकडे लागला होता, पुढच्या दाताची फट दिसत होती. मी म्हणाले,

"व्हय."

एवढंच. मी ज्या भाषेत शिकवते, लिहिते, भांडते, त्या भाषेत मला ते म्हणवलं नसतं. तुझ्या भाषेतलं निघून गेलं. पोरीनं उडीच मारली. "ती मला ओळखेल का? ती काय आणते? आज्जी, तिला सांग, पोतं नको. स्टिकर." आणि नाचत बापाला सांगायला पळाली. सून तिथंच उभी होती. हसू केव्हाच गेलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही?" मी दोऱ्याचे तुकडे गोळा करायला लागले, तशी ती पुढे म्हणाली, "पत्र्यावर दात टाकायचा नाही, असं मी माझ्या आईला फोनवर सांगितलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. लेकीला मी साधी दृष्ट काढू दिली नाही कुणाला, तुमच्या शब्दाखातर. आणि तुम्ही मेलेलं माणूस येतं म्हणून सांगता? आता माझ्या आईला कुठल्या तोंडानं सांगू, उंदीर खोटा आहे म्हणून?"

माय, तिचं खरं आहे, शब्दन् शब्द. मी तिला म्हणाले, "पोरीसाठी म्हणाले गं. तिच्याकडे सांगायला काहीतरी असावं म्हणून." ती भाजी निवडायला गेली. खिसा बंद, म्हणून काल रात्री दात डबीतच राहिला. आज सकाळी नात शाळेत जाताना दारातून ओरडून गेली, "मी बाईंना सांगणार, आमच्याकडे पणजी येते!" आता ते वर्गात सांगून झालं असेल. शेजारच्या मुलीनं ऐकलं असेल. आता वाक्य माझ्या हातात उरलेलं नाही. ती दुपारी येईल तेव्हा खरं सांगावं तर मी तिला वर्गासमोर खोटं पाडते, आणि पुन्हा आपल्याकडे काही नसतं तिथंच येऊन उभे राहतो. न सांगावं तर ज्या कामात आयुष्य घातलं ते मी माझ्याच उंबऱ्यावर मोडते. वस्तीतल्या बायकांना मी सांगते, लेकरांना न दिसणाऱ्या कुणाचं भय घालू नका आणि आमिषही दाखवू नका. पुढच्या वेळी हे म्हणताना माझा आवाज कसा लागेल, मला माहीत नाही. कुणी म्हणेल, एवढंसं तर आहे, दात आणि उशी. एवढ्याशातूनच सगळं परत येतं, हे मला चांगलं माहीत आहे. मी ते परत आलेलं पाहिलं आहे, शिकल्यासवरल्या घरांत, आपल्याच माणसांच्या घरांत.

आणि तू तर बजावून गेली होतीस. दवाखान्यातल्या त्या खाटेवर, दम लागत असताना, चुलतमामा दहाव्याचं कुजबुजत होते ते तुला ऐकू गेलं. तू मला जवळ बोलावलंस. "कावळ्याला घास ठेवू नका. मी यायची नाय. गेले म्हंजी गेले. वाट बघत बसू नका, आपापल्या कामाला लागा." मी ठेवला नाही. मामा भांडले, मी ऐकलं नाही. तुझी ही वाक्यं मी इतक्या सभांत सांगितली आहेत की लोक मला ती सांगायला लावतात. तुझ्या शब्दाला मी कधीच मोडता घातला नव्हता, कालपर्यंत.

आत्ता हे लिहिता लिहिता मध्ये उठून ब्लेड घेतलं आणि खिशाची वरची बाजू उसवली. बारीक टाके होते, वेळ लागला. कापडाला थोडं भोक पडलं आहे, ते दिसेल. दात आत घालून पाहिला, नीट बसतो. स्टिकर सकाळीच आणून ठेवले आहेत, पुस्तकांच्या मागे. म्हणजे माझा हात निर्णय घेऊन मोकळा झाला आहे आणि डोकं अजून वाद घालतंय. नात आली की तिला काय सांगायचं ते अजूनही ठरलेलं नाही. कदाचित सांगेन की माणसं येत नाहीत, त्यांच्या गोष्टी येतात. पण हे सभेतलं वाक्य झालं, आणि ती विचारेल, मग स्टिकर कोण ठेवतं?

हे पत्र टपालात पडणार नाही. पाकिटावर लिहायला पत्ता नाही, आणि तू शहराचं जे नाव लिहायला शिकली होतीस तेही आता बदललं आहे. खणात राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, सुनेला सांगू शकले नाही ती. ते "व्हय" मी पोरीसाठी म्हणाले, असं तिला सांगितलं ते खोटं आहे. पोरीनं विचारलं, तुझी माय येते का, आणि त्या क्षणी पोर माझ्या ध्यानातही नव्हती. मला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. दुसरं कुणी म्हणणार नव्हतं, म्हणून मीच म्हणाले.

तू यायची नाहीस, मला माहीत आहे. मी मरेपर्यंत लोकांना हेच सांगेन. पण माय, एकवार ये. खिसा वरून उघडा ठेवला आहे. दात घेऊन जा.